चिमीची वाटी

दादाची नोकरी सुटली तेव्हा घाटकोपरच्या टेकडीवरच्या आमच्या खोलीत एकाच ताटात वरणभात कालवला जायचा. वहिनी धुणीभांडी करायला गेली की दादाच्या तिन्ही पोरांना मी त्या ताटावर बसवायचे. धाकट्या चिमीच्या बरगड्या मोजता यायच्या.

एकदा ऐन जेवणाच्या वेळी अंगणवाडीच्या बाई आल्या. त्यांचं नाव मी कधी विचारलंच नाही. उंबऱ्यावर बसून, पदराने वारा घेत त्या ताटाकडे बघत राहिल्या.

"कॉलेजात जातेस ना गं? मग सांग, चिमीने किती खाल्लं?"

मी घरातली पहिली पदवीधर होणार होते, पण एका ताटातून कुणी किती खाल्लं, हे मी कधी बघितलंच नव्हतं.

"मोठी दोघं भराभर गिळतात, ही बोटं चाटत बसते. हिची वाटी वेगळी कर. वर चमचाभर तेल घाल."

मग त्या दर मंगळवारी यायच्या. दारातूनच हाक, "वाटी दाखव!" तळ दिसला की खूश. अंगणवाडीतली खिचडीही चिमी त्याच वाटीत खायची.

सहा महिन्यांनी बाईंनी तिला काट्यावर उभं केलं. चिमीचं वजन तिच्या वयाला हवं तेवढं भरलं.