रिलीव्हर

दोन वाजता भोंगा वाजायचा, पहिली पाळी सुटायची आणि सारी भिलाई सायकली-स्कूटर काढून गेटकडे पळायची. दानिएल मेश्राम मात्र हात मागे बांधून पंपांसमोर उभेच. आमच्या पंपहाऊसमधून पोलाद कारखान्याच्या भट्टीला थंड पाणी जायचं. पुढच्या पाळीचा रिलीव्हर आल्याशिवाय तिथून हलायचं नाही, हा नियम. तो सगळेच थोडाफार वाकवत. मेश्रामदादा नाही. आणि त्यांचा रिलीव्हर होतो मी.

दादा भंडाऱ्याकडचे, ख्रिस्ती. प्रभू परत येणार, कर्णा वाजणार, मेलेले उठणार, यावर त्यांचा भोंग्यावर असावा तितका साधा विश्वास. आम्ही उचकवायचो, "दादा, तुमचा येशू कधी येऊन राहिला?"

"मले टाइम नाही सांगितला. जागा सोडू नको, येवढंच सांगितलं."

एकदा बाहेरच्या कुणा प्रचारकाने प्रभूच्या येण्याची तारीखच सांगून टाकली. त्यांच्या चर्चच्या मंडळीतली निम्मी माणसं रजा टाकून प्रार्थनेला बसली. दादा ड्युटीवर. "तो आला तं मले पंपावर भेटन. कावून, त्याले इथला पत्ता नाही का?"

या माणसाच्या खात्रीचा मी सरळ फायदा घेतला. म्हातारा हलणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून गेटबाहेर चहा, गप्पा, मग रमतगमत आत. ते रागावत नसत. "येनारा येते," म्हणत आणि डबा उचलत.

त्या दिवशी दीड वाजता त्यांना दवाखान्यातून फोन आला. त्यांच्या बायकोचं, मार्थावहिनींचं, काही खरं नाही, लगेच या. फोरमनकडे बदली माणूस नव्हता. "दोनले येते तो," दादा त्याला म्हणाले. तो, म्हणजे मी, टपरीवर क्रिकेटची मॅच पाहत होतो. पावणेतीनला पोहोचलो. "पंक्चर झालं," म्हणालो. दादांनी दोन नंबरच्या पंपाचं प्रेशर मला नीट समजावून सांगितलं आणि मग पळाले. त्यांना पळताना मी तेव्हाच पाहिलं. ते पोहोचायच्या दहा मिनिटं आधी वहिनी गेल्या होत्या.

मॅच कुणाची होती, तेही आता आठवत नाही. शरम वाटते.

निवृत्तीनंतर दादा जुनवानीला मुलीकडे राहिले. शेवटच्या दुखण्यात मी भेटायला गेलो, ते खरं सांगून टाकायचं ठरवूनच. त्यांनी माझा हात धरला.

"आता भेट होईन गा आमची. मार्था पहिले हेच विचारन, कावून उशीर केला म्हनून. तिले काय सांगू?"

मुलगी चहा घेऊन दारात उभी होती.

"पंक्चर झालं होतं, दादा."

"बरं. तसंच सांगतो."

चार दिवसांनी ते गेले. जन्मात कधी खोटं न बोललेला माणूस माझं खोटं सोबत घेऊन गेला. कर्ण्यावर माझा विश्वास नाही. तरी तो कधी वाजू नये, एवढीच माझी प्रार्थना असते.