तिच्या आवाजाची प्रत

पत्नी गेल्यापासून तिच्या लॅपटॉपवर रोज एकच सूचना येत होती: सुरक्षेसाठी महत्त्वाचं अपडेट बाकी आहे. मी ती चार महिने पुढे ढकलली. कोरोनात शाळा बंद होत्या तेव्हा तिने चौथीच्या मुलांसाठी धडे वाचून, रेकॉर्ड करून त्यात साठवले होते. तिचा आवाज तेवढाच उरला होता. अपडेट अर्ध्यात अडकलं तर तोही जाईल, आणि केलंच नाही तर एखादा व्हायरस नेईल, असं दोन्हीकडून भय वाटायचं.

आमच्या कुरुंदा गावात लाइटचा भरवसा नाही, म्हणून वारंगा फाट्यावरच्या दुकानात गेलो. तिथे इन्व्हर्टर होता.

"सर, पेनड्राइव्हवर कॉपी घेतली का?" दुकानदाराने विचारलं.

"घेतली."

"उघडून ऐकली?"

मी नकारार्थी मान हलवली.

"न्हाई? काहून? मास्तर असून पेपर न तपासताच पास करून राहिले की तुमी! आधी ऐका, मंग मी बटन दाबतो."

त्याने हेडफोन दिला. चार महिन्यांत मी तिचा आवाज एकदाही ऐकला नव्हता. पेनड्राइव्हमधली पहिली फाइल उघडली.

"लेकरांनो, पान बारा काढा," ती म्हणाली.

मी पूर्ण धडा ऐकला. मग मी पेनड्राइव्ह काढून घेतला आणि त्याला म्हटलं, "दाबा."

दोनदा पडदा काळा झाला, दोन्ही वेळा मी पेनड्राइव्ह मुठीत आवळला. शेवटी तिच्या धड्यांचा फोल्डर जागच्या जागी दिसला, तरी पेनड्राइव्हवरची मूठ काही सुटेना.