सावंतकाकांचा चमचा

आज जेवणाच्या सुट्टीत सावंतकाकांनी पिठलं-भात हाताने कालवला आणि माझा घास हातातच राहिला.

आमच्या कारखान्यात बेअरिंगच्या रिंगा बनतात. त्यांच्यावरचं तेल काढायचं काम काकांचं. इतकी वर्षं ते तेल विरघळवणाऱ्या रसायनाच्या, सॉल्व्हंटच्या टाकीशी उभे असायचे आणि डबा मात्र चमच्याने खायचे. भाकरीसुद्धा घरूनच आमटीत कुस्करून यायची. आम्ही तपासणीवरच्या बायका त्यांना पाठीमागे 'साहेब' म्हणून हसायचो. तीनतीनदा साबण लावला तरी सॉल्व्हंटचा तो गोडसर, डोक्यात चढणारा वास बोटांवरून जात नाही, म्हणून हा चमचा, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

गेल्या महिन्यात ती टाकी एकदाची काढली. आता गरम पाण्यात पावडर घालून रिंगा धुणारं मशीन आलंय. "पाण्याने कुठे तेल जातं?" म्हणून काका दोन दिवस धुसफुसले. रिंगा लख्ख निघाल्या तेव्हा स्वतःच पुढची खेप मशीनमध्ये भरायला लागले.

माणसाचा स्वभाव म्हणून आपण जे धरून चालतो, त्यातलं किती त्याच्या कामाने लादलेलं असतं, कोण जाणे. माझं रोजचं संध्याकाळचं डोकं दुखणंही थांबलंय. मी ते आपलं वयावर ढकललं होतं.

"काका, चमचा विसरलात?" मी विचारलं.

"नाही गं, पिशवीत आहे. बायको सवयीने देते." त्यांनी बोटं चाटली, मग नाकाशी नेली आणि जरा वेळ तशीच धरली.

"लसणाचा वास येतोय," ते म्हणाले.