आधी वासराला

वेलदोडा घातलेल्या खरवसाचा वास आला की मला नानाखेड्याचं आमचं अंगण आठवतं. गल्लीत नुकताच केबल टीव्ही आला होता, तेव्हाची गोष्ट. पहाटे गाय व्यायली, पण वासरू थरथरत पडलेलं, उभंच राहीना. सासूबाईंनी मोहल्ल्याला खरवस कबूल केला होता, म्हणून सगळा चीक काढून घेतलेला. त्या गॅस पेटवणार तोच मी पातेलं उचललं. "अगं, मोहल्लेवाल्यांना काय सांगू मी?" त्या ओरडल्या. मी चिकात बुडवलेली बोटं वासराच्या तोंडात घातली. तोंड गार होतं. ते चोखेना. सासूबाई दारातून वाकून बघू लागल्या. मग एकदम ती खरखरीत जीभ बोटांभोवती आवळली. आजही कुणी खरवसाची वाटी पुढे केली की मी विचारते, "वासराला पुरलं का?" लोक हसतात, पण उत्तर मिळेपर्यंत मी चमचा उचलत नाही.