मेंढरं मावळतीकडं तोंड करून बसली की

मी एक थाप मारली आणि मेंढरांच्या नावावर खपवली. तेव्हा मी लहान होते, सत्तरी नुकतीच लागलेली. अक्कल यायची होती.

नात बारामतीला शेतकी कॉलेजात शिकते. जुनी माणसं पावसाचा अंदाज कसा बांधायची, असा तिचा काहीतरी प्रकल्प होता. सुट्टीला गावी कळसला आली आणि माझ्या तोंडापुढं फोन धरला. आमच्याकडं पूर्वी मेंढरं होती, म्हणजे आजीला ठाऊक असणारच. ठाऊक काही नव्हतं. पण फोनपुढं तसं म्हणायला माझ्यातल्या त्या पोरकट बाईची जीभ वळेना. पदर सावरला आणि ठोकून दिलं, मेंढरं तिन्हीसांजेला मावळतीकडं तोंड करून बसली की आठ दिवसांत पाऊस.

व्हिडिओ गावोगाव फिरला. खाली कुणी लिहिलं, आमचे आजोबाही हेच सांगायचे. कुठले आजोबा? मी ते चहा निवेस्तोवर जुळवलं होतं. तरी वाचून फुगले.

नातीची एक मैत्रीण लोणी भापकरची. तिनं व्हिडिओ पाहिला, एवढ्या लोकांनी पुढं धाडलाय म्हणजे खरंच असणार असं धरलं. त्यात शेजारची मेंढरं नेमकी मावळतीकडं तोंड करून बसली. बाप नको म्हणत असताना तिनं कोरड्यातच बाजरी पेरायला लावली. तीन आठवडे थेंब नाही. बी मुंग्यांनी नेलं. बाप म्हणाला, फोनवरचंच शिकायचं तर घरी बसून शीक, कॉलेज बंद.

नातीनं हे रडत सांगितलं. लेक म्हणाला, व्हिडिओ काढून टाकू, तू गप बस, पाहुण्यांत शोभा नको. मी आयुष्यात गप बसले नाही, आता कशाला बसू? नातीला फोन धरायला लावला आणि सांगितलं, मी खोटं बोलले, मेंढरं वाऱ्याला पाठ देऊन बसतात, बाकी काही नाही. ते फारसं कुणी पाहिलं नाही. एकानं तर लिहिलं, आजीवर कुणीतरी दबाव आणलाय. माझ्यावर दबाव. माझ्या सासूला जे जमलं नाही ते.

मग मी काठी घेतली आणि एसटीनं लोणी भापकर गाठलं. लेक आला नाही. मुलीचा बाप ओट्यावर बसला होता. मी कोण ते सांगितलं आणि उभ्यानंच बोलले, "घरी बसवायचं तर मला बसवा. तिला शिकू द्या. माझ्यासारख्या म्हातारीला खोटं पाडायला कॉलेजातच शिकवत्यात."

मुलगी आत दाराआड उभी होती. तिनं चहा आणला, मी प्याले, निघाले. बाप फाट्यापर्यंत मागं मागं चालत आला. एसटी दिसली तेव्हा म्हणाला, "पोरगी सोमवारी कॉलेजला जाईल. पण मावशी, पुढच्या बारीला बोलायच्या आधी मेंढरांस्नी तरी इचारा."