जिनातलं लाकडी दालन

पूर्ण्याला गाडी बदलली तेव्हापासून माझी खिडकीशी नुसती उठबस चालली होती. आणीबाणीच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. पुण्यात काढलेले सगळे आराखडे मी स्वतःच फाडून टाकले होते. हिंगोली आली आणि स्टेशनापलीकडे जुन्या जिनांची (सरकी काढायच्या कारखान्यांची) दगडी रांग दिसली. त्यांतल्या एका बंद जिनाच्या आवारात मला नव्या धाटणीचं, सबंध सागवानी कलादालन उभं करायचं होतं.

जिनाच्या मालकीणबाई कमलाबाई. यजमानांनी जमवलेली लाकडी शिल्पं त्यांना तिथे मांडायची होती. त्यांनी ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आग्रहाने वाढली. मी कशीबशी जेवले आणि टेप घेऊन पळाले. जागा मोजली, पण दालनाचं तोंड कुठे करावं ते काही केल्या ठरेना.

समोर शांताबाईंचं चहाचं दुकान होतं. पूर्वी त्या याच जिनात कामाला होत्या.

"चला ना आत. कुठे काय होतं ते दाखवा."

"न्हाई बाई. आमी तिथं पाय ठेवत न्हाई."

"का हो?"

"आग लागली तवा दार भाईरून लावलेलं व्हतं. बायका कापूस नेतील म्हणून. माझी बहीण आतच राहिली."

चहा अर्धा ठेवून उठले. तशीच कमलाबाईंकडे गेले आणि सरळ विचारलं. सुपारी कातरता कातरता त्यांचा हात थांबला.

"खरं आहे. यांनीच लावायला सांगितलं होतं."

"मग मी चारी बाजूंना दारं ठेवीन. बाहेर उघडणारी. बाहेरून कडी एकालाही नाही."

"आणि शिल्पं चोरीला गेली तर?"

"तर दुसरं कुणी बघा."

त्यांनी सुपारी पुन्हा कातरायला घेतली. काम गेलंच असं धरून मी सकाळी सामान बांधलं. स्टेशनावर जाताना पाहते तो कमलाबाई शांताबाईंच्या दुकानासमोर उभ्या.

"शांता, तुझ्या बहिणीचं नाव काय होतं?"

शांताबाईंनी आधी चूल सारखी केली. "सखू. तुमच्याच वयाची व्हती."

"दारं कुठं पाहिजेत, तू सांग."

शांताबाईंनी रस्त्याच्या अलीकडूनच बोट दाखवलं. तिथे, अन् तिथे. त्या रस्ता ओलांडून मात्र गेल्या नाहीत.

परतीच्या गाडीत मांडीवर कागद घेतला आणि पुणं येईतो आराखडा जमला. तरी जिवाला स्वस्थता नव्हती. दालन उभं राहील, लांबून लांबून लोक येतील. शांताबाई आत येतील का, हे मात्र माझ्या कुठल्याच रेघेने ठरणार नव्हतं.