डागी दगड

चुनखडीच्या खाणीत तिला सगळे पारखीण म्हणत. सरकत्या पट्ट्यावरून शुभ्र दगड जात असे आणि पिवळी रेघ किंवा मातीचा ठिपका दिसला की ती तो दगड चटकन उचले. औषध कारखान्याला डागी माल चालत नसे.

त्या सकाळी सुरुंग उडाल्यावर तिचा नवरा पहारीने कड्यावरचे सुटे दगड पाडत होता. दोन थरांमधली ओली माती घसरली आणि अख्खी शिळा त्याच्या अंगावर आली. बाहेर काढला तेव्हा जीव उरला नव्हता. ती त्याला नेणाऱ्या गाडीमागे धावली, तर मुकादमाने अडवलं.

“वहिनी, गेला तो. आता जाऊन काय करणार? इथे ट्रक खोळंबलेत.”

पट्टा सुरू झाला. थोड्या वेळाने रक्ताने माखलेले दगड येऊ लागले. तिने हंबरडा फोडला, पण हात थांबवला नाही. ते चक्कीत भरडले जाणं तिला सहन होईना. एकेक उचलून तिने पायाशी ठेवला.

संध्याकाळी ती म्हणाली, “एवढे घरी नेऊ द्या.”

“खाणीचा माल आहे,” म्हणत मुकादमाने ते टाकाऊ ढिगावर भिरकावले. “उद्या वेळेवर या.”

मयत आटोपून ती सकाळी पट्ट्याशी उभी राहिली. न जाऊन सांगते कुणाला?